सुगंधाबाईंच्या हातचा शाफ्ट

मूल गावाकडून सिंदेवाहीत शिरताना डाव्या हाताला एक टिनाची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. पूर्वी होती. एका उन्हाळ्यात वावटळीनं ती उचलली आणि शेजारच्या धानाच्या बांधीत नेऊन टाकली. मुखरूभाऊ ती आणायला निघाले तेव्हा त्यांच्या घरधनीण सुगंधाबाई म्हणाल्या, "राहू द्या. ज्याले काम हाय त्याले दुकान दिसते. ज्याले काम नाई, त्यानं पाटी वाचून का करावं?" तेव्हापासून पाटी बांधीत बुजगावण्याची नोकरी करते आणि दुकान बिनपाटीचं चालतं.

चालतं म्हणजे चांगलं चालतं. नागभीड, वडसा, आरमोरी, तिकडे चंद्रपूर, कुठल्याही ट्रकवाल्याच्या गाडीत हवा बनेनाशी झाली की तो सिंदेवाहीचा रस्ता धरतो. कारण सुगंधाबाई मोहुर्ले ट्रकच्या एअर ब्रेकचे कंप्रेसर दुरुस्त करतात, आणि कंप्रेसरमध्येही त्यांचा खास जीव आहे तो शाफ्टवर. बाईंचं वय विचारलं तर त्या मुखरूभाऊंचं सांगतात. पण शाफ्टचं वय विचारा. नखानं कुरवाळून सांगतील, आणि तो आजवर कोणाकोणाच्या हाताखालून गेला, त्यांच्यात शहाणे किती होते, हेही सांगतील.

ज्यांचा ट्रकशी संबंध फक्त रस्त्यावर बाजूला होण्यापुरता येतो त्यांच्यासाठी एवढंच, की एवढा मोठा ट्रक थांबतो आणि सुटतो तो हवेच्या जोरावर. टाकीत हवा भरली की ब्रेक सैल होतात. हवा नसली की मागची चाकं डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलत नाहीत. ही हवा भरतो इंजिनाच्या कुशीत बसवलेला एक लहानसा कंप्रेसर. जुन्या गाड्यांत इंजिन एक पट्टा फिरवतं, पट्टा पुली फिरवतो, पुली शाफ्ट फिरवते आणि शाफ्ट आतल्या पिस्टनला वरखाली नाचवतो. शाफ्ट हातभर लांबीचासुद्धा नसतो. पण तो बिघडला की दहा चाकं, बारा टन माल आणि ड्रायव्हरची मिशी, सगळं एका जागी उभं.

मुळात दुकान मुखरूभाऊंचं. त्यांचा हात घणाचा. कितीही गंजलेला नट असो, मुखरूभाऊंनी पाना लावला की तो शरण यायचा. पण शाफ्टवरची बारीक चरी त्यांना दिसायची नाही, आणि कोणी दाखवली तर पटायची नाही. सुगंधाबाई तेव्हा दुपारी भाताचा डबा घेऊन यायच्या. एकदा डबा ठेवता ठेवता त्यांनी ओट्यावरच्या एका शाफ्टवर सहज नख फिरवलं आणि म्हणाल्या, "इथी खरबरीत लागते."

"डबा ठेव अन् जाय," मुखरूभाऊ म्हणाले.

त्या डबा ठेवून गेल्या. गाडीही गेली. ती गाडी नागभीडच्या अलीकडेच बसली आणि शाफ्ट बेरिंगला चिकटून परत आला. त्यानंतर मुखरूभाऊ डबा आला की आधी शाफ्ट पुढे करायचे आणि मग भात. पुढे बाई नख लावू लागल्या, मग बेरिंग बसवू लागल्या, मग एक दिवस मुखरूभाऊंच्या लक्षात आलं की पाना आपल्या हातात आहे पण कुठला नट खोलायचा ते दुसरंच कोणीतरी सांगत आहे. भाऊंना याचा काही विषाद नाही. कोणी विचारलं तर तंबाखूचा खर्रा गालात सरकवून सांगतात, "दुकान माहं. मालकीन ते."

बाईंची शाफ्ट तपासायची एक रीत आहे. आधी तो सुतळीनं टांगायचा आणि बारक्या पान्यानं हळूच टोला द्यायचा. निरोगी शाफ्ट देवळातल्या घंटेसारखा घुमतो. तडा गेलेला खोकतो. मग तो डिझेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून तांदळाचं पीठ भुरभुरायचं. तडा असलाच तर आत दडलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पिठावर केसासारखी ओली रेघ उमटते. दुसरीकडे यासाठी खडूची भुकटी वापरतात म्हणे. बाईंचं म्हणणं, धानाच्या मुलखात खडू कशाला विकत आणायचा? आणि पीठसुद्धा नव्या तांदळाचं नको, ते ढेकळं धरतं. जुन्या तांदळाचं पाहिजे.

समोरच्या बाजूला प्रवीणचं दुकान. प्रवीण नवेकोरे, खोक्यातले कंप्रेसर विकतो. जुनं काढा, नवं लावा, हा त्याचा धंदा. जुनं काढा, नीट करा, तेच लावा, हा बाईंचा. त्यामुळे दोघांत वैर असायला पाहिजे. प्रत्यक्षात सकाळचा चहा दोघांचा एकत्र असतो, कारण एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांचाही दिवस सुरू होत नाही.

"काकू, आज शाफ्ट तळणार का?" प्रवीण पिठाचा डबा पाहून विचारतो.

"तळतो नं. तुह्या खोक्यातला आन, तो कच्चाच हाय," काकू म्हणतात.

अशाच एका चहाच्या वेळी, चारसहा ड्रायव्हर बसलेले असताना, प्रवीण म्हणाला की दुरुस्त केलेल्या मालाची काही खात्री नसते. बाईंनी कप खाली ठेवला. "आयक बाबू. माह्या हातचा शाफ्ट वर्षाच्या आत वापस आला, तं या दुकानाचं शटर पाडीन अन् चाव्या तुह्या हातात देईन. तुले तसंही गोदाम पाहिजे हाय."

ड्रायव्हर लोकांना रस्त्यात दुसरं काम काय? ही गोष्ट चार दिवसांत पार वडशाच्या पुलापलीकडे गेली. गिऱ्हाईक वाढलं. आता प्रत्येक गाडी शाफ्टबरोबर बाईंची पैजही घेऊन जाऊ लागली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. आपल्या नखावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

आणि मग पोळ्याच्या दिवशी सकाळी लच्छूची गाडी आली.

लच्छू कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावचा. घरची बैलजोडी म्हातारी होऊन गेली तेव्हा त्यानं नवी जोडी न घेता जुना ट्रक घेतला आणि कोंड्याची, भुशाची पोती वाहू लागला. गाडीचा कंप्रेसर होळीनंतर सुगंधाबाईंनीच केला होता. आज ती गाडी आली ती रडतखडत. पुढचा भाग पाहिला तर बंपरला हळद, बोनेटला हळद, दोन्ही दिव्यांना हळदीचे टिळे, आरशाला झेंडूचा हार. नवरी मांडवात यावी तशी ती दुकानापुढे आली आणि अर्ध्या रस्त्यातच बसली. मागच्या चाकांनी जमीन धरली.

लच्छू खाली उतरला. "बाई, हवा नाई बनून राह्यली. काटा वरतं चढतच नाई. नागभीडपासून रेस देऊ देऊ आनली."

"पाइप पायले?"

"सारे पायले. साबनाचं पानी लावून पायले. कुठीच गळत नाई." लच्छूनं जरा घुटमळत पुढचं वाक्य काढलं. "शाफ्ट गेला असं वाटते, बाई."

चहाच्या टपरीवरची माणसं उठली. एरवी पोळ्याच्या दिवशी ही मंडळी सकाळपासून बेगड आणि गोंडे घ्यायला बाजारात असतात. आज सगळ्यांना एकदम आठवलं की पोळा तर संध्याकाळी फुटायचा आहे. प्रवीण रस्ता ओलांडून आला, तोही हात पुसत, म्हणजे हातातलं काम टाकून.

"लच्छूभाऊ, हा काकूच्याच हातचा शाफ्ट व्हय नं?"

"व्हय."

"कधी बसवला?"

"होळीच्या मांगून."

"म्हणजे वर्ष नाई झालं." प्रवीण अतिशय नम्रपणे शेडकडे पाहू लागला. "काकू, मी काही बोलून नाई राह्यलो. गोदामात उजेड कसा येते तेवढं पाहून राह्यलो."

"पाहून घे. दाराशी उभा राहू नको फक्त, उजेड अडते," बाई म्हणाल्या. आवाजात काही फरक नव्हता. पण हातातला चहा त्यांनी तसाच ठेवून दिला, आणि सुगंधाबाईंनी भरला कप सोडलेला त्या रस्त्यावर कोणी पाहिला नव्हता.

मुखरूभाऊ हळूच म्हणाले, "पयले पट्टा पाहून घेऊ का?"

"पट्टा घसरला असता तं वरडला असता. कुत्र्यावानी केकाटते तो. ह्या गाडीचा आवाज आयकला का तुमी? चूपचाप हाय." बाईंनी पदर खोचला. "कंप्रेसर खोला. साऱ्याइच्या समोर शाफ्ट बाहेर येऊ द्या. मांगून कोनी मनू नये का आतल्या आत लपवलं."

या वेळी गाडीच्या केबिनमधून एक आवाज आला. "शाफ्ट-बिफ्ट काई नाई. रुसली हाय ते."

केबिनमध्ये लच्छूची म्हातारी आई सुकरीबाई बसली होती. सिंदेवाहीजवळ तिच्या भावाचं घर, त्याच्याकडे बैल, म्हणून ती पोळ्याला निघाली होती. मांडीवर एक स्टीलचा डबा घट्ट धरलेला.

"कोन रुसली, बाई?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"गाडी. मी काल याले मनलं, पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाई, तं गाडी काऊन जुंपतं? आयकलं नाई. आता बसली."

"आई, गाडी रुसत नाई. बेरिंग रुसते," लच्छू वैतागून म्हणाला.

"तुले का मालूम. तुह्या बापाचा बैल असाच बसला होता."

मुखरूभाऊंनी बोनेट वर केलं, पट्टा काढला, पुलीचा नट सोडवला आणि पुली बाजूच्या पोत्यावर ठेवली. त्यांच्या हाताला बाराही महिने इतकं ग्रीस असतं की त्यात थोडं आणखी काही लागलं तर ते घरच्यासारखंच वाटतं. आणि नाकाचं म्हणाल तर खर्र्यापुढे त्या नाकाचा केव्हाच निकाल लागलेला. कंप्रेसर ओट्यावर आला. बाईंनी तो उघडला, शाफ्ट बाहेर काढला, पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

नख फिरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

मग सुतळी. मग टोला. शाफ्ट असा घुमला की टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

मग डिझेल, फडकं, पीठ. सगळे ओट्याभोवती वाकून उभे राहिले. नवजात पोराचं तोंड पाहावं तसा तो पांढराफेक शाफ्ट मंडळी पाहत होती. रेघ उमटली नाही. प्रवीणनं तर चष्मा काढून, पुसून पुन्हा लावून पाहिलं.

"पाय, अजून पाय," बाई म्हणाल्या. "पाहिजे तं घरी घेऊन जाय. राती उशाशी ठेव."

"नाई काकू, शाफ्ट कडक हाय," प्रवीणनं मान्य केलं. हा पोरगा टोमणे मारतो, पण खोटं बोलत नाही.

बेरिंग ठीक होतं. पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारी चावी, तीही कोरी करकरीत. बाईंनी सगळं पुन्हा बसवलं, मुखरूभाऊंनी पुली चढवली, पट्टा ताणला आणि लच्छूनं इंजिन सुरू केलं. आता हवा चढणार, ब्रेक सुटणार आणि काकू वर्षभर हे ऐकवणार, अशा तयारीनं सगळे उभे राहिले.

काटा जागचा हलला नाही.

लच्छूनं रेस दिली. काटा जरासा उचलला आणि पुन्हा बसला.  प्रवीणनं इंजिन बंद करायची खूण केली आणि बाईंच्या जवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "काकू, चाव्याचं मी मस्करीतच धरलं होतं."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या मऊ आवाजानं सुगंधाबाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"मी नोहोतं मनलं मस्करीत," त्या म्हणाल्या.

शेडच्या दाराला अडकवलेल्या चाव्यांकडे त्यांची नजर गेली. पण गेली तशी ती परतही आली, आणि सरळ इंजिनावर येऊन थांबली. बाईंनी पिठात बोट बुडवलं आणि नटापासून शाफ्टच्या टोकावरून पुलीच्या काठापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. तिच्याच पुढे पट्ट्यावर एक ठिपका दिला.

"लच्छू, एक डाव चालू कर अन् लगेच बंद कर."

इंजिन घरघरलं आणि थांबलं. नटावरची, शाफ्टवरची आणि पुलीवरची रेघ एकमेकींना धरून सरळच होती. तिघं एका जिवानं फिरले होते. पट्ट्यावरचा ठिपका मात्र कुठल्या कुठे निघून गेला होता. बाईंनी हातानं पट्टा ओढला. पट्टा सरकला. पुली होती तिथेच.

"घसरून राह्यला," मुखरूभाऊ म्हणाले. "पन मंग केकाटत काऊन नाई?"

बाईंनी पुलीच्या खाचेत बोट घातलं आणि ते नाकाशी नेलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या आणि तिथे भलतंच काहीतरी आलं, म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर येतं तसं.

"लोनी," त्या म्हणाल्या. "लोनी अन् हळद. मनून केकाटत नाई."

इथे बाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं, आमच्याकडच्यांना ते सांगायची गरज नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले त्यांचे खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं त्यांवर हळद आणि लोणी चोळायचं, आणि उद्या जेवायला या असं त्यांना हात जोडून आवतण द्यायचं. राबणाऱ्याला आधी मान, मग जेवण. ज्या घरात बैल आहे तिथे हे चुकत नाही. सुकरीबाईच्या घरात बैल नव्हता. ट्रक होता.

सगळ्यांच्या नजरा केबिनकडे वळल्या. सुकरीबाईच्या नखांत हळद होती, आणि मांडीवरचा स्टीलचा डबा आता तिनं पदराखाली घेतला होता.

"आई," लच्छू म्हणाला. "तू पुलीले लोनी लावलं?"

"लावलं. काल लावलं. तू आंघोळीले गेला तवा लावलं."

"अन् आज?"

"आज नागभीडच्या पुढं तू खाली निजून पाइप पाहून राह्यला होता, तवा डबल लावलं. मले वाटलं थकली असन बिचारी."

लोकांनी हसू दाबलं. लच्छूला मात्र हसू येत नव्हतं. वाटेत गाडी जितकी कुंथत होती तितकी त्याची आई तिला लोणी चोळत होती, आणि जितकं लोणी जात होतं तितकी गाडी आणखी कुंथत होती. "समजते का तुले काई? इंजनाले लोनी लावते का कोनी? साऱ्या गावासमोर या बाईचं..."

"थांब," सुगंधाबाई म्हणाल्या. "आईवर ओरडू नको. मले बोलू दे."

त्या केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवून उभ्या राहिल्या. शटर वाचलं होतं. एवढंच मोठ्यानं म्हणायचं बाकी होतं. पण म्हातारी अंग चोरून बसली होती, आणि ऐन सणाच्या दिवशी चारचौघांत लाज गेल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. बाईंनी आवाज खाली आणला. "बाई, बंपरले लावलं, दिव्याले लावलं, ते समजलं. पन एवढं आत हात घालून शाफ्टच्याच पुलीले लावा, हे कोनी सांगतलं तुमाले?"

सुकरीबाईनं मान वर केली. "तूच तं सांगतलं."

"मी?"

"लच्छू सांगत होता घरी. ते बाई मनते, साऱ्या गाडीत राबते तो हा एकच. इंजन नुसतं बोंबलते, राबते हा. गाडी उभी असली तरी याले बसनं नाई. याले जपा. असं मनलं का नाई तू?"

बाई हे म्हणाल्या होत्या. लच्छूलाच काय, गेल्या कित्येक वर्षांत शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी हे भाषण दिलं होतं, हातवाऱ्यांसकट. ते कोणी घरी नेऊन इतक्या मनावर घेईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मंग जो राबते त्याले लोनी नाई लावाचं, तं कोनाले लावाचं?" सुकरीबाईनं विचारलं.

 मुखरूभाऊ इतके हसले की त्यांना खर्रा थुंकायला बाहेर जावं लागलं. प्रवीणचा चेहरा पुन्हा फुलला. "म्हणजे काकू, शाफ्ट वापस आला तो तुमच्याच भाषणानं. आता पैजेचं कसं करावं? मी तं तुमाले सोडून देत होतो, पन हे तर कबुलीच झाली."

"कोन मनते वापस आला?" सुगंधाबाईंनी पायरीवरूनच विचारलं. आवाज आता पूर्ण जागेवर आला होता. "बिघडून आला तं वापस आला मनते. याले का झालं हाय? तू चष्मा लावून पायला नं? आज पोळा हाय. याले काल आवतन भेटलं होतं. शाफ्ट माह्या हातचा, मनजे हे त्याचं माहेर. सनाले माहेरी आला, दोन घास खाईन अन् जाईन."

टपरीवरून कोणीतरी म्हणालं, "बरोबर हाय." प्रवीणनं गर्दीकडे दाद मागितली, पण सणाच्या दिवशी माहेरी आलेल्याला हाकलून लावा असं म्हणणारा तिथे एकही निघाला नाही. त्यानं दोन्ही हात वर केले. "बरं. मी खोके ठेवाले दुसरी जागा पाहतो."

"खोके नाई, पट्टा आन. लोनी पिऊन तो पट्टा कामातून गेला."

प्रवीण पट्टा आणायला गेला. मुखरूभाऊंनी पुली उतरवली आणि दुकानामागच्या चुलीतली राख, साबण आणि ऊन पाणी घेऊन ती घासायला बसले. घरची भांडी त्यांनी कधी इतक्या मन लावून घासली नव्हती, असं बाईंनी चारचौघांत सांगितलं. तोवर त्या सुकरीबाईला हाताला धरून खाली घेऊन आल्या आणि बोनेटपाशी उभं करून दाखवू लागल्या.

"हे पाहा बाई. याले तेल लागते, नाई असं नाई. पन ते आतून येते, इंजनातून. बाहेरून याले कोरडंच आवडते. तुमाले लावाचंच असन, तं वरतं या लोखंडाले एक टिकला लावा. पट्टा अन् पुली, याइले हात नाई."

"आवतन देलं तं चालते?"

"आवतन द्या. पोटभर द्या." बाईंनी तिला मागच्या चाकापाशी नेलं. "अन् हे पाटे पाहा. सारं वझं याइच्यावर. लोनी चोळाची जागा हे. इथी चोळसान तं गाडी तुमाले आसीस देईन. आवाज बी कमी करीन."

सुकरीबाई वाकून त्या कमानीसारख्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहत राहिली. तिला ते पटलं. डबा उघडून तिनं दोन्ही बाजूंच्या पाट्यांना हळद-लोणी लावलं, ओठांत काहीतरी पुटपुटत. बहुधा रागावू नको असं सांगत असावी. लच्छू शेजारी उभा होता. तोही खाली बसला आणि जिथे म्हातारीचा हात पोचत नव्हता तिथे आपला घातला.

नवा पट्टा चढला. इंजिन सुरू झालं. काटा उठला, थांबला नाही, शहाण्या पोरासारखा वर वर चढत गेला, आणि मग गाडीखालून ती मोठी 'फस्स' आली. ब्रेक सुटले. मागची चाकं वीतभर पुढे सरकली. टपरीवरच्या म्हाताऱ्यानं पुन्हा हात जोडले. त्याला आज दोनदा दर्शन झालं होतं.

"चाल आई, बस," लच्छू म्हणाला. "मामाचे बैल वाट पाहून राह्यले असतीन."

सुकरीबाई चढली नाही. डब्याच्या तळाशी थोडं लोणी उरलं होतं. ते तिनं बोटांनी निपटून तळहातावर घेतलं आणि शेडकडे वळली, जिथे सुगंधाबाई ओट्यावरचं पीठ झाडत उभ्या होत्या.

"पाटे वझं वाहते," ती म्हणाली. "वझं वाहनं येगळं, राबनं येगळं. तो तुहा शाफ्ट राबते, पन त्याले तू लावू देत नाई."

"नाई बाई, त्याले नोका लावू आता."

"नाई लावत." आणि बाईंना काही समजायच्या आत सुकरीबाईनं त्यांच्या उजव्या खांद्यावरचा पदर जरा बाजूला केला आणि ते हळदीचं लोणी तिथे चोळलं. घाईनं नाही. बैलाला चोळावं तसं, आंगठ्यानं दाबत, घट्टा कुठे आहे ते शोधत. तो होताच. वर्षानुवर्षं कंप्रेसर उचलून त्या खांद्याला गाठ आली होती. बाईंनी तिच्याबद्दल कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मुखरूभाऊंनासुद्धा नाही.

  सुगंधाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हातारीला पुरेसं वाटेपर्यंत चोळू दिलं.

"उद्या नाई, आजच जेवाले ये," सुकरीबाई म्हणाली. "माह्या भावाकडं. वडे हायेत."

मुखरूभाऊ धुतलेल्या हातांनी हे सगळं पाहत होते. "बाई," ते सुकरीबाईला म्हणाले, "तेवढी शिंगंबी रंगवून द्या नं हिची."

"शिंगाले रंग कायले?" सुगंधाबाईंनी लगेच विचारलं. "तुमाले बिनरंगाचीच दिसते रोज."

लच्छूची गाडी गेली, हळदीची, झेंडूच्या हाराची, हवेनं भरलेली. मागून भुशाची पोती घेऊन आलेला दुसरा एक ट्रकवाला बराच वेळ हॉर्न वाजवत होता. त्याच्याही गाडीत हवा कमी बनत होती. बाईंनी पदर सारखा केला, पण पिवळा खांदा झाकला नाही, आणि पिठाचा डबा घेऊन त्याच्या बोनेटकडे निघाल्या.

"पयले सांग," त्यांनी विचारलं, "घरी आई हाय का तुही?"